आधी ओळख, मग बाजार

१ जूनला समुद्रातली मासेमारी बंद झाली की मढ कोळीवाड्याचा किनारा बोटींनी भरून जातो. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस सुट्टीचे नसतात. वर्षभराची डागडुजी याच दिवसांत उरकावी लागते. वर ओढलेल्या बोटी शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात. पाऊस उघडीप देईल तेव्हा तळाला चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडायचा आणि नवा रंग द्यायचा. बोट लाकडी असेल आणि फळ्या जुन्या झाल्या असतील तर तिच्यावर फायबर मारतात.

हे फायबरचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. काचेच्या धाग्यांची चटई फळीवर पसरायची आणि तिच्यावर ब्रशने रेझिन चोपडत जायचं. रेझिन आपणहून वाळत नाही. त्यात आधी जांभळट रंगाचं कोबाल्टचं द्रावण आणि मग हार्डनर मिसळावं लागतं. तिन्ही वस्तू एकाच दुकानात मिळतात. रेझिनमध्ये स्टायरीन असतं. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, डोकं जड करते आणि वर्षानुवर्षं हुंगली गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम करते. हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड. त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला आणि डोळा लगेच धुतला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत. ओतले तर भडका उडतो, स्फोटही होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच दुसरं टाकायचं.

यातलं काहीही गुपित नाही. प्रत्येक घातक रसायनाची एक माहितीपत्रिका असते, उद्योगात तिला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. तिचे १६ भाग ठरलेले आहेत. पदार्थाचं नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता, धोके, प्रथमोपचार, आग लागली तर काय करायचं, सांडलं तर काय करायचं, कशाजवळ ठेवायचं नाही, पाण्यातल्या जीवांवर काय परिणाम होतो, असं सगळं त्यात क्रमाने असतं. पण किनाऱ्यावर पोचते ती प्लास्टिकची एक बाटली. मोठ्या डब्यातून ओतून दिलेल्या हार्डनरच्या बाटलीवर नाव असेलच असं नाही आणि असलं तर ते इंग्रजीत. फायबर मारणारा कारागीर मिश्रणाचं प्रमाण अचूक जाणतो, कारण ते त्याला त्याच्या उस्तादाने हाताने करून दाखवलेलं असतं. स्टायरीन हे नाव मात्र त्याच्या कानावर कधी आलेलं नसतं.

रसायन नोंदणीचा कायदा ही दरी बुजवण्यासाठी असतो. त्याचा गाभा सोपा आहे. एखादं रसायन बनवणाऱ्याने किंवा परदेशातून आणणाऱ्याने ते बाजारात सोडण्याआधी सरकारदरबारी त्याची ओळख द्यायची. हे काय आहे, वर्षाला किती टन बनवतो किंवा आणतो, कशासाठी वापरलं जातं, माणसाला आणि पाण्याला त्यापासून काय अपाय होतो आणि तो टाळायचा कसा. अपाय होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. भारतात हे तत्त्व कीटकनाशकांना गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ लागू आहे. बाकीच्या हजारो औद्योगिक रसायनांना ते लागू करणारे नियम मसुद्याच्या पुढे गेलेले नाहीत. हा लेख त्या अडलेल्या मसुद्याबद्दल आहे. तो मढसारख्या गावातून सुरू करण्याचं कारण असं की, कारखाना, बंदर आणि नाला या तिन्ही वाटांनी येणारी रसायनं शेवटी ज्या पाण्यात उतरतात त्या पाण्यावर हे गाव जगतं.

मढ हे मालाडच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेल्या जमिनीचं टोक. दक्षिणेला मालाडची खाडी आणि पलीकडे वर्सोवा, उत्तरेला मनोरीची खाडी. गोरेगाव-जोगेश्वरीच्या वस्त्या आणि लहान कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहत आलेली ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते आणि तिचं पाणी मढ आणि वर्सोव्याच्या मधून समुद्रात पडतं. इथली पिढीजात मासेमारी डोल जाळ्याची. हे जाळं माशामागे धावत नाही. ते समुद्रात एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जे आणील ते त्याच्या खोळीत शिरतं. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली त्याच प्रवाहाबरोबर येतात. प्रवाहात आणखी जे काही असेल तेही येतं. ट्रॉलरवाल्याला पाणी खराब दिसलं तर तो पुढे जाऊ शकतो, डोलवाल्याची जागा ठरलेली असते. त्यामुळे पाण्यात काय सोडलं जातं हा मढच्या कोळ्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे.

बोटीच्या तळाला देतात त्या रंगाचीच गोष्ट घ्या. शिंपले, शेवाळ चिकटू नये म्हणून या रंगात विष घातलेलं असतं, त्याशिवाय तो काम करूच शकत नाही. १९६० च्या दशकात जगभरच्या जहाजांसाठी या कामाला ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग वापरायला सुरुवात झाली. रंग उत्तम निघाला, जहाजांचं इंधन वाचलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती करणारे हवालदिल झाले. कालवांची पिल्लं धरेनात आणि वाढलेल्या कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली. कारण सापडलं ते आसपास नांगरलेल्या नौकांच्या रंगात. पुढच्या संशोधनात कळलं की एक लिटर पाण्यात या संयुगाचे काही नॅनोग्रॅम असले तरी समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात आणि त्यांची वीण थांबते. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. जगभरच्या जहाजांसाठी करार व्हायला २००१ उजाडलं आणि तो अमलात आला १७ सप्टेंबर २००८ रोजी. म्हणजे आधी सगळ्या समुद्रांत ओतलं, मग तपासलं, आणि थांबवायला आणखी पाव शतक लागलं. पहिला फटका बसला तो कालवं काढणाऱ्यांना, ज्यांनी तो रंग ना बनवला होता ना विकला होता.

भारतातला नोंदणीचा कायदाही अशाच एका फटक्यातून आला आणि त्याचा संबंध थेट मुंबईच्या समुद्राशी आहे. ही हकीकत आज फारशी कुणाला आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळमध्ये आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात माणसं अचानक कोसळू लागली. उलट्या, तोंडाला फेस, आकसलेल्या बाहुल्या, श्वास अडकणं. जेवणानंतर थोड्याच वेळात हे सुरू होई. शंभराहून अधिक माणसं मेली. तपासात धागा गव्हाच्या पिठापर्यंत गेला आणि पिठावरून एका जहाजापर्यंत. मुंबईहून कोचीनला निघालेल्या या जहाजात खाण्याचा माल आणि फॉलिडॉल या नावाने विकलं जाणारं पॅराथिऑन हे कीटकनाशक एकत्र भरलं होतं. विष गळलं आणि पोत्यांमध्ये मुरलं. पोती उतरवली गेली, पीठ विकलं गेलं, भाकऱ्या भाजल्या गेल्या.

पॅराथिऑन हे ऑर्गनोफॉस्फरस गटातलं विष. शरीरातला एक विकर नसांकडून स्नायूंना गेलेला संदेश वेळेवर पुसून टाकत असतो. हे विष त्या विकराला निकामी करतं. मग संदेश थांबतच नाही, ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू आखडत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. त्यावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा आहे. पण उतारा द्यायचा तर समोरच्या रोग्याच्या पोटात काय गेलंय हे डॉक्टरला कळायला हवं. पिठाच्या पोत्यावर ते लिहिलेलं नव्हतं. जहाजात माल रचणाऱ्या हमालांना आपण काय उचलतोय हे सांगितलेलं असतं, विष आणि अन्न वेगळं ठेवायचं असा दंडक असता, तर त्या जहाजातून कोचीनला नुसतं पीठच उतरलं असतं.

केंद्र सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि आणीबाणीनंतरचा प्रसिद्ध शहा आयोगही त्यांचाच. १९५८ च्या या पहिल्या आयोगाची आठवण त्या दुसऱ्यामुळे झाकली गेली, पण माझ्या मते देशातल्या सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यावर याही कामाचा मोठा परिणाम झाला. कीटकनाशकांच्या बनवण्यावर, आयातीवर, वाहतुकीवर आणि विक्रीवर कायद्याचा अंकुश हवा या विचाराला त्यातून बळ मिळालं आणि दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याची अंमलबजावणी १ ऑगस्ट १९७१ पासून सुरू झाली.

या कायद्याच्या नवव्या कलमात आजच्या जगभरच्या रसायन कायद्यांचं बीज आहे. जो कीटकनाशक बनवू किंवा आयात करू इच्छितो त्याने नोंदणी समितीकडे अर्ज करायचा, औषध कीड मारतं याचा पुरावा द्यायचा आणि माणसाला, जनावराला त्यापासून काय धोका आहे हेही मांडायचं. नोंदणी नाही तर माल नाही. नियमांनी डब्यावर एक चौकोन सक्तीचा केला, त्यातल्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डब्याबरोबरची माहिती हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेतही छापायची. त्रिकोणाचा रंग समजायला अक्षरओळख लागत नाही. विदर्भातल्या निरक्षर शेतमजुरालाही लाल त्रिकोण काय सांगतो हे शिकवता येतं, आणि हे १९७१ सालच्या नियमांनी ठरवलं होतं.

नोंदणी झाली म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र नाही. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडोंना इस्पितळात न्यावं लागलं. फवारलेली बरीच औषधं नोंदणी झालेलीच होती. पण दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती, कापूस माणसापेक्षा उंच वाढला होता, तोंडाला फडकं यापलीकडे बचाव नव्हता आणि गावातला सल्लागार म्हणजे औषध विकणारा दुकानदार. नोंदणीच्या फाईलमध्ये लिहिलेली काळजी शेतात पोचवणारी यंत्रणा कच्ची होती. तरीही एक फरक लक्षात घ्यावा. यवतमाळमध्ये डॉक्टरांना आणि चौकशी पथकाला विषाचं नाव डब्यावरून कळू शकत होतं. तेवढं तरी त्या जुन्या कायद्याने मिळवून दिलं होतं.

बाकीच्या रसायनांसाठी असं काहीच नव्हतं. त्याची किंमत भोपाळने मोजली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं आणि हमीदिया रुग्णालयात लोंढा लागला, तेव्हा हा वायू शरीरात काय करतो आणि त्यावर कोणता उपचार चालेल हे तिथल्या डॉक्टरांना सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम झाले. आज भारतात औद्योगिक रसायनांवरचा मुख्य पहारा हाच आहे. त्याच्या यादीत ६८४ रसायनं आहेत. ती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठवणाऱ्याने सुरक्षा अहवाल द्यायचा, आपत्ती आराखडा करायचा. आयात करणाऱ्याने माल येण्याच्या ३० दिवस आधी, किंवा निदान माल येईल त्या दिवशी तरी, कोणतं रसायन किती येतंय, कोणत्या बंदरात उतरणार आणि त्याची सुरक्षिततेची माहिती काय हे कळवायचं.

हे नियम त्यांच्या काळात पुढचं पाऊल होते. त्यांचा रोख अपघातावर आहे, टाकी फुटू नये, फुटली तर काय करायचं यावर. यादीबाहेरच्या रसायनाबद्दल ते बोलत नाहीत आणि रोज थोडं थोडं हुंगल्याने, पाण्यात मिसळल्याने जे होतं त्याबद्दलही नाही. देशात एकूण कोणती रसायनं किती टन बनतात आणि येतात, याची एका जागी नोंद त्यातून तयार होत नाही.

कागदावरचा पहारा प्रत्यक्षात किती सैल असू शकतो हे मुंबईने २०१० च्या पावसाळ्यात एका महिन्याच्या आत दोनदा पाहिलं. १४ जुलैला शिवडीच्या हाजी बंदर भागात पोर्ट ट्रस्टच्या आवारात पडलेल्या एका सिलिंडरमधून क्लोरिन गळला. शंभराहून अधिक माणसांना बाधा झाली, त्यांत विद्यार्थी, बंदरातले कामगार आणि मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. सिलिंडर आयात झालेले, पण वर्षानुवर्षं कुणी न सोडवलेले. आयात करणारा बाजूला झाला आणि विष शहराच्या गळ्यात राहिलं.

त्यानंतर ७ ऑगस्टला न्हावाशेवा बंदरातून बाहेर पडणारं एमएससी चित्रा आणि मुंबईकडे येणारं खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलंडलं. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. जहाजावर बाराशेच्या वर कंटेनर होते, त्यांतल्या ३१ मध्ये घातक माल होता आणि त्यात कीटकनाशकंही होती. कंटेनर एकामागून एक पाण्यात घसरत होते. काही बुडाले, काही तरंगत राहिले आणि बंदराचा मार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. म्हणजे नव्या हंगामाच्या तोंडावर, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या कमाईच्या आधी, मुंबईच्या कोळ्यांसमोर प्रश्न उभा राहिला तो त्या ३१ कंटेनरचा. त्यात नेमकं काय आहे? बुडलेला कुठे आहे? फुटलाय का? बाजारात गिऱ्हाईक मासे घ्यायला धजेना आणि त्याला दोष देता येत नव्हता. मासळी चांगली आहे असं छातीठोक सांगायचं तर कोळिणीला त्या कंटेनरमधल्या मालाचं नाव माहीत हवं होतं.

पंधरा वर्षांनी केरळने तेच भोगलं. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. १३ मध्ये घातक माल आणि त्यांतल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड, ज्याला पाणी लागलं की पेट घेणारा अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो. मालाची माहिती लोकांसमोर ठेवा, असं केरळ उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं. १९५८ मध्ये ज्या किनाऱ्यावर विषारी पीठ उतरलं, त्याच किनाऱ्यावरच्या लोकांना २०२५ मध्येही पेटीत काय आहे हे विचारण्यासाठी कोर्टात जावं लागलं.

दरम्यान युरोपने वेगळी वाट धरली होती. १ जून २००७ रोजी तिथे रीच या नावाने ओळखला जाणारा कायदा अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाचा अर्थ इतकाच की, माहिती नाही तर बाजार नाही. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन बनवणाऱ्या वा आयात करणाऱ्या प्रत्येकाने हेलसिंकीतल्या युरोपीय रसायन संस्थेकडे नोंदणी करायची. जितके जास्त टन तितक्या जास्त चाचण्या. दहा टनांच्या वर गेलं की रसायन कुठे कसं वापरलं जाणार आणि तिथे धोका कसा आवरणार याचा अहवालही जोडायचा. एकदम सगळ्यांना धरलं नाही. हजार टनांवरच्या रसायनांना नोव्हेंबर २०१० पर्यंत मुदत दिली, शंभर टनांवरच्यांना मे २०१३ आणि एक टनावरच्या लहानांना मे २०१८. एकाच पदार्थाचे सगळे उत्पादक एकत्र येऊन एकच माहिती देतात, खर्च वाटून घेतात. आज बावीस हजारांहून अधिक पदार्थांची नोंद तिथे आहे आणि तिचा बराचसा भाग कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतो. स्टायरीनही त्यात सापडतं.

हा कायदा युरोपचा, पण त्याचं ओझं वाहिलं ते तारापूर, रोहा, लोटे, अंबरनाथ, वापी, अंकलेश्वरच्या कारखान्यांनीही. युरोपात माल पाठवायचा तर युरोपबाहेरच्या उत्पादकाने तिथला एकमेव प्रतिनिधी नेमायचा आणि त्याच्यामार्फत नोंदणी करायची, नाहीतर गिऱ्हाईक आयातदार दुसरा पुरवठादार शोधणार. रंगांचे मध्यवर्ती पदार्थ, औषधांचा कच्चा माल, सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या कितीतरी मराठी आणि गुजराती उद्योजकांनी हे केलं. चाचण्यांचे अहवाल विकत घेतले, परवान्यापोटी हजारो युरो भरले, माणसं शिकवली. त्यांचं कौतुकच करायला हवं. पुढे दक्षिण कोरियाने, तुर्कस्तानने, ब्रिटननेही आपापले कायदे आणले आणि आपल्या निर्यातदारांनी त्यांच्याही नोंदण्या केल्या. कोरियाचा कायदा तर एका भयंकर धक्क्यातून आला. हवा दमट ठेवणाऱ्या घरगुती यंत्राच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक तिथे १९९४ पासून विकलं जात होतं. ते श्वासातून गेलं तर काय होतं हे कुणी तपासलंच नव्हतं. २०११ मध्ये सोलच्या रुग्णालयात तरुण गरोदर बायका फुप्फुसं निकामी होऊन येऊ लागल्या तेव्हा कारण उघड झालं. २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, २०१५ पासून तो लागू झाला.

युरोपच्या कायद्यातली एक तरतूद मला वारंवार आठवते. घातक रसायनाची माहितीपत्रिका ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या राजभाषेत द्यावी लागते. म्हणजे तारापूरहून पोलंडला गेलेल्या पिंपाबरोबर पोलिश भाषेतली पत्रिका पोचते. फिनलंडला गेलं तर फिनिश. तेच रसायन तारापूरहून शंभर किलोमीटरवर मालाडच्या दुकानात उतरतं, तिथून एका बाटलीतून मढच्या किनाऱ्यावर जातं, तेव्हा त्याच्याबरोबर मराठीचं एक अक्षर येत नाही. पदार्थ तोच, बनवणारा तोच, त्याने गोळा केलेली माहितीही तीच. ती परक्या देशातल्या कामगाराला त्याच्या भाषेत मिळते आणि इथल्या कामगाराला मिळत नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

भारताने आपला कायदा करायचं ठरवलं नाही असं नाही. रसायनांचं व्यवस्थापन आणि सुरक्षितता नियम या नावाने २०२० मध्ये मसुदे फिरले, ऑगस्टमधला मसुदा पाचवा. १९८९ चे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम या दोन्हींच्या जागी तो यायचा होता. वर्षाला एक टनापेक्षा जास्त बनवल्या वा आणल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाची सूचना राष्ट्रीय प्राधिकरणाला द्यायची, प्राधान्य यादीतल्या सुमारे ७५० पदार्थांची पूर्ण नोंदणी करायची, परदेशी उत्पादकाने इथे अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. म्हणजे युरोपला माल पाठवताना आपल्या कारखानदाराला जे करावं लागतं ते इथे माल पाठवताना त्यांनाही करावं लागलं असतं.

पण मसुदा पुढे गेला नाही. त्यावर लहान उद्योगांचा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. अंबरनाथमध्ये दहा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या युनिटला एका पदार्थाच्या विषविज्ञानाच्या सगळ्या चाचण्या परवडणार नाहीत. युरोपात ज्या अहवालांचे पैसे भरले त्यांची मालकीही तिथल्या गटांकडे आहे, ते इथे वापरायचे तर पुन्हा परवानगी. पण यावर उपाय आहेत आणि ते युरोपनेच वापरून दाखवलेत. टनांप्रमाणे टप्पे, लहानांना कमी शुल्क आणि जास्त मुदत, एका पदार्थाला एकत्र अर्ज. शिवाय एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २०११ पासून भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे सुरक्षा चाचण्यांचे अहवाल आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांत ग्राह्य धरले जातात. परदेशी कंपन्या आपल्याकडे चाचण्या करून घेतात. ज्ञान इथे आहे, प्रयोगशाळा इथे आहेत.

नियम नसले तर खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी खाडीत आणि समुद्रात जात होतं, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारांची संघटना. लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांवर भरपाई बसवली. पण तोवर वर्षं गेली होती आणि पाण्यात काय आहे हे दाखवून देण्याचं काम ज्यांची मासळी मेली त्यांनाच करावं लागलं. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसं मेली. त्यात पेरॉक्साइड वर्गातल्या रसायनांचं नाव पुढे आलं, म्हणजे मढच्या किनाऱ्यावरचं हार्डनर ज्या वर्गातलं त्याच वर्गातल्या. आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, त्या घरांतल्या लोकांना शेजारी काय साठवलंय याची कल्पना नव्हती.

म्हणून केंद्र सरकारच्या पर्यावरण आणि रसायन या दोन्ही खात्यांकडे मागणी आहे ती साधी. मसुदा बाहेर काढा, त्यात लहान उद्योगांसाठी टप्पे घाला आणि राजपत्रात छापा. त्यात भाषेची अट लिहा. घातक रसायनाचं लेबल आणि माहितीपत्रिकेचा सार ज्या राज्यात विकायचं तिथल्या भाषेत, आणि सुट्या विक्रीच्या बाटलीवरही. कीटकनाशकांच्या डब्यावर हे अर्धशतक चाललंय, तेव्हा ते अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. किनाऱ्याजवळ जहाजाला अपघात झाला तर त्यावरच्या घातक मालाची यादी २४ तासांत मच्छीमार सहकारी संस्थांना मिळेल, अशी तरतूद हवी. राज्य सरकारला यासाठी केंद्राची वाट पाहण्याची गरज नाही. मत्स्य विभागाने आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने रेझिन, हार्डनर, कोबाल्ट, थिनर आणि तळाचा रंग या पाच वस्तूंची मराठी पत्रकं काढून प्रत्येक कोळीवाड्यात येत्या १ जूनच्या आधी लावावीत. त्याला नवा कायदा लागत नाही.

तोवर बोटीवर फायबर मारणाऱ्यांनी एवढं करावं. दुकानदाराकडून मालाची सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. १९८९ च्या नियमांप्रमाणे घातक रसायनाबरोबर ती तयार ठेवणं बंधनकारक आहे. काम मोकळ्या हवेत करा, डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे घाला. हार्डनर डोळ्यात उडालं तर पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा, बाटली बरोबर न्या. कोबाल्ट आणि हार्डनर वेगळ्या पेटीत, उन्हापासून आणि विडी-काडीपासून लांब ठेवा आणि कधीही एका भांड्यात एकत्र ओतू नका.